जे फोनवर सांगता, ते अहवालात लिहा

प्रति,
विक्रीच्या घरांची तपासणी करून अहवाल देणारे सर्व अभियंते आणि तपासनीस यांस,

विषय : पहिलं घर घेणाऱ्याला निर्णय घेता येईल असा अहवाल मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या दीड वर्षात आम्ही नवरा-बायकोनं दोन घरांची तपासणी करून घेतली. पहिलं घर सोडून दिलं, दुसऱ्यात आता राहतो आहोत. दोन्ही अहवाल हे पत्र लिहिताना समोर ठेवले आहेत. कोणा एकाविरुद्ध तक्रार करायची नाही, म्हणून नावं घेत नाही. दुसऱ्या घराची तपासणी केली ते गृहस्थ आपल्या कामात अगदी मुरलेले होते. पण हे मला अहवाल वाचून कळलं नाही, नंतर फोनवर बोलताना कळलं. तुम्हा सगळ्यांना लिहावंसं वाटलं ते त्या फोनमुळे.

आधी पहिल्या घराचं सांगते. अहवाल ५८ पानांचा. मुलगी झोपल्यावर आम्ही दोघं तो वाचायला बसलो. एकूण ४१ दोष. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर गेला आहे, हा एक दोष. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला आहे, हाही एक दोष. दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच सुरात. तडा, ओल, वायरिंग, छत, जिथे म्हणून आम्हाला धास्ती वाटली तिथे शेवटी एकच वाक्य : ‘संबंधित तज्ज्ञाकडून पुढील तपासणी करून घ्यावी.’ मी मोजलं, ते २३ वेळा होतं. म्हणजे प्लंबर, वायरमन, छताचं काम करणारा, ओलीचं काम करणारा, वाळवीची फवारणी करणारा, पायाचा अभियंता, एवढी माणसं दुसऱ्याच्या राहत्या घरात न्यायची, आणि तीही इसार द्यायच्या आधीच्या दोन आठवड्यांत. कोणाला आधी बोलवायचं? कोणाला नाही बोलावलं तरी चालेल? ५८ पानांत याचं उत्तर नव्हतं.

तुम्ही रोज घरं बघता. ४१ दोषांचं घर तुमच्या लेखी चारचौघांसारखं घर असेल. आम्ही त्याआधी एकही अहवाल पाहिलेला नव्हता. आम्हाला वाटलं घर पडायला आलं आहे. तिसऱ्या दिवशी ‘नको’ म्हणून कळवून टाकलं. ते करताना एखाद्या दोषाचा विचार करून, हिशेब मांडून आम्ही निर्णय घेतला असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. आम्ही घाबरलो, एवढंच झालं. आपण एका संकटातून वाचलो की एक चांगलं घर हातचं घालवलं, हे मला आजही सांगता येत नाही. अहवालाचे पैसे गेले त्याचं दुःख नाही. पैसे देऊन आम्ही जे विकत घ्यायला गेलो होतो, म्हणजे हे घर घ्यावं की नाही याची समज, ती मिळाली नाही.

दुसऱ्या घराच्या वेळी अहवाल हातात पडला तेव्हा पोटात तसाच गोळा आला. पाच-सहा महिन्यांनी आवडलेलं घर, आणि पुन्हा तीच भाषा. भिंतींत ओल, मागच्या बाजूला तडा, छताच्या खालच्या अंगाला सळई उघडी पडलेली. या वेळी नवरा म्हणाला, ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचार. मी भीत भीत फोन केला. ते गृहस्थ पंचवीस मिनिटं बोलले. त्या पंचवीस मिनिटांत मला जे मिळालं ते सांगते, कारण त्यातलं जवळजवळ काहीच अहवालात नव्हतं.

तड्याबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, “तडा सगळ्या घरांना असतो मॅडम. तो कुठून निघाला, कुठे रुंद होतो आणि अजून हलतोय का, एवढं बघायचं.” विटांच्या भिंतीतल्या तड्यांची वर्गवारी असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेची वर्गवारी पुष्कळ ठिकाणी वापरतात. तिच्यात एक मिलिमीटरपर्यंतचा तडा अगदी किरकोळ, रंगकामात बुजणारा. पाच मिलिमीटरपर्यंतचाही सौम्यच. पाच ते पंधरा मिलिमीटर झाला की गवंड्याचं काम, तिथे दारं-खिडक्या अडकायला लागतात. त्यापुढे २५ पर्यंत गंभीर, आणि २५ च्या वर गेला तर इमारतीच्या मजबुतीचाच प्रश्न. नुसत्या रुंदीवर जाऊ नका, हेही त्यांनी बजावलं. भिंतीच्या आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसणारा, वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा तडा पाया खचल्याची शंका आणतो. गिलाव्यावरची कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी बहुधा गिलावा वाळताना आक्रसल्याची असते. काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला गेलेल्या तड्याला ही विटांची मोजपट्टी लावायची नाही. तिथे बारीक तड्यालाही कारण शोधावं लागतं.

आमच्या भिंतीचा तडा तीन मिलिमीटरचा होता. त्याच्या आत जुन्या रंगाचा थर उतरलेला होता, वर धूळ आणि जळमटं. म्हणजे मागच्या एका रंगकामाच्या आधीपासून तो तसाच आहे, त्याच्या कडा ताज्या नाहीत. “मला या तड्याची काळजी वाटत नाही,” ते म्हणाले. हे वाक्य अहवालात असतं तर आमच्या दोन रात्री नीट गेल्या असत्या. अहवालात होतं : ‘मागील भिंतीस तिरका तडा. संरचनेच्या दृष्टीने तपासणी आवश्यक.’

मग ओल. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण फसवणुकीला सर्वांत जास्त वाव इथेच आहे. अहवालात लिहिलं होतं की भिंतीच्या खालच्या भागात मीटरनं जास्त आर्द्रता दाखवली, ओलरोधक उपचारासाठी तज्ज्ञ कंपनीचा सल्ला घ्यावा. फोनवर कळलं की दोन टोकं टोचायचा तो मीटर पाणी मोजतच नाही. दोन टोकांमधून वीज किती सहज जाते ते तो मोजतो, आणि त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. गिलाव्यात क्षार साठले असतील, किंवा भिंतीवरच्या कागदाला मागून धातूचा पातळ पत्रा असेल, तरी तो काटा वर जातो. म्हणून मीटरनं लाल दाखवलं याचा अर्थ इथे नीट बघा, एवढाच. भिंतीत खरंच पाणी किती आहे हे पाहायचं तर गिलाव्याचा नमुना काढून, वजन करून, वाळवून पुन्हा वजन करावं लागतं.

कारण ओळखण्याच्या खुणाही त्यांनी सांगितल्या. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते, तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ उमटते आणि ती सहसा भिंतभर सलग दिसते. गळक्या पन्हळीमुळे किंवा फुटक्या नळामुळे आलेली ओल एका ठिकाणी डागासारखी असते, पाऊस किंवा वापर वाढला की वाढते. थंड कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरली असेल तर बहुतेक वेळा तो घरातल्याच हवेतला दमटपणा, जो गार भिंतीवर दव धरतो. तिघांवर इलाज वेगळे. पहिल्याला बांधकामात हात घालावा लागतो, दुसऱ्याला प्लंबर पुरतो आणि तिसऱ्याला खिडकी उघडी ठेवणं आणि धूर-वाफ बाहेर फेकणारा पंखा.

आमच्याकडे यांतलं एकही नव्हतं. मागच्या बागेतल्या वाफ्याची माती भिंतीला लागून जोत्याच्या वर वीतभर चढवलेली होती. भिंतीत ओलरोधक थर होता, शाबूत होता, आणि माती त्याच्या वरून भिंतीला पाणी पाजत होती. इलाज म्हणजे एक फावडं आणि दोन दिवस, नंतर भिंत वाळायला काही महिने. अहवालातल्या सल्ल्याप्रमाणे मी जर ओलीचं औषध विकणाऱ्या कंपनीला बोलावलं असतं, तर भिंतीला भोकं पाडून रसायन भरून दिलं असतं आणि माती तिथेच राहिली असती. जो इलाज विकतो तोच फुकट तपासणी करून देतो, तेव्हा त्याला काय सापडणार हे उघड आहे. आणि आम्हाला त्याच्या दारात तुम्ही पाठवता. कृपा करून हे वाक्य तरी बदला. ज्याला इलाज विकायचा नाही अशा माणसाकडून कारण शोधून घ्या, असं लिहा.

तिसरी गोष्ट छताची. अहवालात ती ४४व्या पानावर होती, २७व्या क्रमांकाला, बाहेरच्या फाटकाच्या बिजागरीच्या खाली. फोनवर त्यांचा आवाजच बदलला. “बाकीचं सोडा. हे मात्र हलक्यानं घेऊ नका,” ते म्हणाले. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कतेमुळे आतल्या सळईवर गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि ती अल्कता उतरवत जातो. अल्कता उतरलेला हा थर सळईपर्यंत पोचला आणि जोडीला ओलावा असला की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीट फोडतो. मग ढलपी पडते आणि सळई उघडी होते. वरून सिमेंटचा लेप देऊन रंग मारला की वर्ष-दोन वर्षं काही दिसत नाही, आत गंज चालूच. आमच्या घरात एका खोलीत तसा लेप दिलेला होता, आणि हातोडीनं ठोकल्यावर तिथला आवाज पोकळ आला होता, हे त्यांच्या टिपणवहीत होतं. अहवालात नव्हतं.

मी विचारलं, हे सगळं लिहिलं का नाही? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, लिहिलं की अंगावर येतं. ‘काळजी नाही’ असं लिहावं आणि उद्या तो तडा वाढला तर मला कोर्टात ओढतील. ‘गंभीर आहे’ असं लिहावं आणि निघालं किरकोळ, तर विकणारा भांडायला येतो. त्यापेक्षा पुढील तपासणी करून घ्यावी, हे वाक्य कोणालाच दुखवत नाही.

त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. तुम्ही दोन-तीन तास घरात असता. गालिचा उचलता येत नाही, फर्निचर हलवता येत नाही, भिंत फोडता येत नाही. भिंतींच्या आतलं सगळं ठामपणे सांगा, असा हट्ट कोणी धरू नये, मी तर धरतच नाही. पण खात्री नसणं आणि मत नसणं यांत फरक आहे. वैद्यही पोट न उघडता मत देतात आणि ते मत किती पक्कं आहे तेही सांगतात. तुम्हाला लिहिता येईल : ‘तडा तीन मिलिमीटर, आत जुना रंग, कडा बोथट. माझ्या मते जुना आणि थांबलेला. पलंगामागचा भाग पाहता आला नाही. तडा तिथेही सलग गेलेला आढळला तर माझं मत बदलेल.’ यात काही लपवलेलं नाही, वाढवलेलं नाही. मी वकील नाही, तरी जे पाहिलं, त्यावरून जे वाटलं आणि जे पाहता आलं नाही, हे तिन्ही वेगवेगळं नोंदवणारा माणूस मला मोघम लिहिणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित वाटतो. हातोडीचा पोकळ आवाज टिपणवहीत ठेवून अहवालात न लिहिणं हे तर कोणाच्याच हिताचं नाही, तुमच्याही नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, या घरातल्या ज्या दोन-तीन गोष्टींवर निर्णय अवलंबून आहे त्या लिहा. तशा गोष्टी नसतील तर ‘नाहीत’ असं लिहा. बिजागरी आणि वायसर मागे परिशिष्टात जाऊ द्या. पुढची तपासणी खरंच हवी असेल तर ती कोणाकडून, त्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आणि त्याच्या उत्तरानं निर्णय कसा बदलेल, हे सांगा. आमच्या छतासाठी ते फोनवर म्हणाले होते, “संरचना अभियंत्याला बोलवा. सळईचा किती भाग गंजून गेलाय आणि अल्कता किती खोलवर उतरलीय, एवढं विचारा. डागडुजीत भागत असेल तर घर घ्या, स्लॅब बदलावा लागणार असेल तर किंमत नव्यानं ठरवा नाहीतर सोडा.” तीन वाक्यं. तेवढ्यावर आम्ही सगळं पुढचं केलं.

कसं केलं तेही थोडक्यात लिहिते, कारण हे पत्र पहिलं घर शोधणारेही वाचतील आणि आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. अभियंत्याच्या तपासणीत डागडुजी पुरेल असं निघालं. दोन ठेकेदारांकडून लेखी खर्च मागवला. विकणाऱ्यांपुढे अख्खा अहवाल ठेवला नाही, फक्त छताचं पान आणि ते दोन कागद ठेवले. रंग उडालाय, फरशी हलतेय असल्या गोष्टी आम्ही काढल्याच नाहीत. त्या घर बघतानाच दिसल्या होत्या आणि सांगितलेल्या किमतीत धरलेल्या होत्या. दिसलेल्या गोष्टींवर पुन्हा घासाघीस केली की न दिसलेल्या गोष्टीचं बोलणंही समोरचा ऐकून घेत नाही. त्यांनी सुचवलं की आम्हीच दुरुस्त करून देतो. आम्ही नम्रपणे नको म्हणालो. घर सोडून जाणारा माणूस स्वस्तातली स्वस्त दुरुस्ती करणार, त्यात त्याचाही दोष नाही. किंमत कमी करा, काम आम्ही आमच्या देखरेखीखाली करून घेतो, यावर बोलणं ठरलं. सगळा खर्च त्यांनी सोसला नाही, दोनतृतीयांशाच्या आसपास सोसला.

कर्ज देणाऱ्या संस्थेचा माणूस येऊन गेला म्हणजे तपासणी झाली, असा समज मला अजूनही आजूबाजूला दिसतो. आमचाही तोच होता. तो माणूस कर्ज बुडालं तर घर विकून पैसे वसूल होतील का, एवढंच बघतो. छताखाली हातोडी घेऊन उभं राहणं त्याचं काम नाही. तुमच्या व्यवसायाच्या माणसांनी हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं.

आणखी एक मागणी. अहवाल दिल्यावर अर्ध्या तासाचं बोलणं त्याच फीमध्ये ठेवा आणि तसं कागदावर लिहून द्या. मी फोन केला तो नवऱ्यानं ढकललं म्हणून. पहिल्या घराच्या वेळी ते सुचलंही नाही, वाटलं की एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय विचारणार. अहवालाच्या खाली एक ओळ असती, ‘वाचून झाल्यावर मला फोन करा’, तर मी केला असता. त्या बोलण्यात जे सांगाल त्याची टिपणं ग्राहकाला पाठवा. अंगावर येईल ही भीती त्यातही असेलच. पण ज्या माणसानं तुमच्या शब्दावर आयुष्यभराचं कर्ज काढायचं आहे, त्याच्या अंगावर तर ते येणारच आहे, तुम्ही बोला किंवा न बोला.

तुमच्यापैकी जे नव्या लोकांना अहवाल लिहायला शिकवतात त्यांच्यासाठी आमचे दोन्ही अहवाल, पत्ते आणि नावं झाकून, द्यायची माझी तयारी आहे. दुसऱ्या घराच्या तपासनीसाशी फोनवर बोलताना मी वहीत घेतलेली साडेतीन पानंही जोडेन. ५८ पानं आणि साडेतीन पानं शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना विचारा, यांपैकी कशावरून तुम्ही स्वतः घर घ्याल.

आपली,
पहिलं घर घेतलेली एक ग्राहक